वालेन्सियातली खरवड

आमच्या घरात भात खाली लागला की माझी दोन्ही मुलं एकमेकांकडे बघतात. थोरली म्हणते, "निघालं विमान." धाकटा म्हणतो, "पट्टे बांधा." कारण करपल्याचा वास आला की त्यांची आई हमखास स्पेनला जाते आणि जेवणं उरकेपर्यंत परत येत नाही. नवरा तर आता माझ्या आधीच माझी वाक्यं म्हणतो. तेव्हा म्हटलं, एकदाचं लिहून काढावं. ज्यांना ऐकायचं नाही ते सुटतील आणि ज्यांनी ऐकलंच नाही त्यांची सोय होईल.

मी गेले २००५ साली. सप्टेंबर ते जानेवारी, कॉलेजच्या एका सत्रापुरती. वय एकवीस.

मुळात मी स्पॅनिश शिकायला लागले हीच एक गंमत. आमच्या नांदे गावात तेव्हा हिंजवडीच्या कंपन्यांचं वारं नुकतं शिरलं होतं. कुणीतरी आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सांगितलं की पोरीला परदेशी भाषा शिकवा, कंपनीत घेतात. पुण्यात नाव घालायला गेले तर जर्मनच्या खिडकीपुढे ही एवढी रांग. फ्रेंचपुढे त्याहून मोठी. स्पॅनिशच्या खिडकीतले गृहस्थ निवांत डबा खात बसले होते. मी तिथे गेले. माझ्या आयुष्यातल्या बऱ्याच मोठ्या निर्णयांमागे असंच गहन चिंतन आहे.

तिसऱ्या वर्षी कॉलेजातून एका मुलीला सत्रापुरतं वालेन्सियाला पाठवायचं ठरलं. पहिल्या आलेल्या मुलीचं लग्न ठरलं. दुसरी मी होते. वर्गात आम्ही एकूण पाच होतो, हे मी मुलांना कधी सांगितलेलं नाही. इथे लिहून गेले.

आप्पा ओट्यावर विळ्याला धार लावत बसले होते.

"राहायचं कुटं?" त्यांनी विचारलं.

"होस्टेल असतं, आप्पा."

विळा थांबला. "होस्टेल न्हाई. कुणा बाईमाणसाच्या घरात, तिच्या नजरंखाली राहाणार असशील तर जा. त्या घरातनं भाईर पडलीस की पहिल्या इमानानं हितं. मग ते तुजं सत्र असू दे न्हाईतर काय असू दे."

अट साधी वाटली, पण तिला काटा होता. तिथले गुण धरूनच मला इथली पदवी मिळणार होती. अर्ध्यात परत आले तर वर्ष बुडालं. आणि वर्ष बुडालं तर पुढचं वर्ष मिळेलच असं नव्हतं, कारण घोटावड्याचं एक स्थळ आप्पांच्या डोक्यात तयार होतं. मुलगा चांगला होता म्हणतात. पोल्ट्री होती.

आईनं जुन्या लुगड्याची पिशवी शिवली, तीत घरचा दोन किलो आंबेमोहोर भरला आणि पिशवीचं तोंडही शिवून टाकलं.

"आई, तिकडं पण भात मिळतो गं."

"मिळत असंल. आपला मिळतुया का?"

अंपारोबाईंच्या घरी

विद्यापीठानं घर शोधून दिलं ते अंपारोबाईंचं. साठीच्या, विधवा, काठीसारख्या ताठ. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं, "एक महिना बघू. जमलं तर जानेवारीपर्यंत राहा. नाही जमलं तर विद्यापीठ तुझी दुसरीकडे सोय करेल." दुसरीकडे म्हणजे होस्टेल. होस्टेल म्हणजे पहिलं विमान. विमान म्हणजे पोल्ट्री.

मी जपून वागायचं ठरवलं आणि दुसऱ्याच सकाळी खालच्या मजल्यावर पाऊस पाडला. झालं असं की न्हाणीघरात बादली नव्हती. टबात उभं राहून अंघोळ करणं मला काही अंघोळ वाटेना. मग स्वयंपाकघरातलं पातेलं आणलं, टबाच्या बाहेर फरशीवर बसले आणि आपण करतो तशी यथासांग अंघोळ केली, पाठसुद्धा घासली. त्यांच्या न्हाणीघरात टबाबाहेर मोरी नसते, हे मला खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी वर येऊन सांगितलं. त्यांच्या टकलावर थेंब होते.

अंपारोबाईंनी फक्त ते पातेलं उकळत्या पाण्यात घालून ठेवलं, दिवसभर.

चपलांचीही तीच तऱ्हा. मी रोज दाराबाहेर चपला काढायची. बाई रोज त्या उचलून माझ्या खोलीत पलंगाशी आणून ठेवायच्या. त्यांना वाटायचं पोरगी विसरभोळी आहे, मला वाटायचं बाईंना चपला चोरीला जायची भीती आहे. दोन आठवडे आम्ही दोघी अशा मुक्यानं एकमेकींना सुधारत होतो. गंमत म्हणजे दुपारच्या झोपेवर मात्र आमचं पूर्ण एकमत होतं. दोन ते पाच सगळं शहर बंद. पुण्यात कॉलेज केलेल्या मुलीला ते अगदी माहेरचं वाटलं.

भाताचं गाव

तिसऱ्या आठवड्यात बाईंचा धाकटा भाऊ विसेंते मोटार घेऊन आला. गोल पोटाचा, सतत काहीतरी चघळणारा माणूस. म्हणाला, "चल, आमची शेती बघ."

शहराच्या दक्षिणेला एक उथळ सरोवर आहे, आणि त्याच्या काठानं नजर पोचेल तिथवर भात. मी मोटारीतून उतरले आणि तशीच उभी राहिले. ऊन तेच, बगळे तेच, आणि पिकलेल्या भाताचा तो कोमट वास, तोही तोच. फरक एवढाच की आमच्याकडे खाचर म्हणजे जेमतेम अंगणाएवढं. इथे एकेका खाचरात अख्खं नांदे बसलं असतं, देवळासकट. कापायला विळा नव्हता, खोलीएवढं यंत्र होतं.

न कापलेल्या कडेला गेले, एक लोंबी तोडली, दोन दाणे सोलून दाताखाली धरले. हे मी ठरवून केलं नाही. आप्पा करायचे, म्हणून हात आपोआप गेला. दाणा कट् करून तुटला तर भात कापायला झाला. दाताखाली दबला तर अजून थांबायचं. माझा दाणा जरासा दबला.

मागे वळून बघते तर विसेंतेच्याही दाताखाली दाणा.

"किती दिवस?" त्यानं विचारलं.

"आठ?"

"सहा," तो म्हणाला आणि मोटारीकडे वळून ओरडला, "अंपारो! ही पोरगी भातातली आहे गं!"

अंपारोबाई मोटारीचं दार उघडं टाकून आत बसल्या होत्या. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं, जणू मी आजच आले होते. म्हणाल्या, "मग रविवारी पाएया करते."

रविवार

पाएया म्हणजे पसरट लोखंडी थाळ्यात, उघड्या जाळावर केलेला भात. आत कोंबडी, ससा, घेवड्याच्या जातीच्या शेंगा आणि केशर. विसेंतेच्या शेतावरच्या घरापुढे बाईंनी संत्र्याची लाकडं पेटवली. मांस परतून झालं, पाणी उकळायला लागलं. बाई केशर आणायला आत गेल्या. ओसरीवर वाडग्यात मोजलेले तांदूळ होते, आणि कोरडे ठणठणीत होते. मला बरं वाटलं. मदतीची संधी आली. तांदूळ न धुता शिजवणं ही आमच्याकडे आळशी सुनेची खूण. मी ते नळाखाली नेले, चांगले चोळून तीन पाण्यांनी धुतले आणि पांढरं पाणी संत्र्याच्या झाडाला घातलं, वाया जायला नको म्हणून.

बाई बाहेर आल्या आणि अशा ओरडल्या की सरोवरावरचे बगळे उडाले.

पाएयाचे तांदूळ धुवायचे नसतात. ढवळायचेही नसतात. हे मला नंतर कळलं, कारण पुढचा अर्धा तास मी खुर्चीवर बसून होते आणि हात मांडीवर ठेवायचे होते.

भात झाल्यावर आणखी एक धक्का. ताटं नाहीतच. थाळा मध्ये ठेवला, तिघांना तीन लाकडी चमचे. एकाच भांड्यात! उष्टं! पण नियम होता: प्रत्येकानं आपल्यासमोरचा त्रिकोण खायचा, दुसऱ्याच्या हद्दीत चमचा घालायचा नाही. दरवर्षी वीतभर बांध कोरणाऱ्या आमच्या तालुक्याला ही शिस्त कशी झेपणार, हा विचार करत मी खात होते. भात अप्रतिम होता. ससा कसा लागतो हे मी कधीच सांगितलेलं नाही, कारण मी त्याला शेवटपर्यंत कोंबडीच समजत होते.

आणि मग ते झालं. अंपारोबाईंनी चमच्याच्या कडेनं थाळ्याच्या तळाला चिकटलेला भात खरवडून काढला. तपकिरी, कडक, कडेला काळपट. आमच्याकडे त्याला खरवड म्हणतात. तळहाताएवढा तो पापुद्रा त्यांनी उचलला आणि माझ्यासमोर ठेवला. विसेंतेनं खाणं थांबवलं. दोघंही माझ्याकडे बघायला लागली.

माझे कान तापले. तांदूळ धुतले म्हणून ही शिक्षा. पाहुणीला, भावासमोर, करपलेलं वाढलं! आमच्या घरी पाहुण्याच्या ताटात भाताची मूद जाते, वरून तूप जातं. खरवड भांड्यात राहते, भिजत घातली जाते, आणि सकाळी अंगणात टाकली की कोंबड्या धावतात.

माझं स्पॅनिश तोवर भाजी आणण्यापुरतं होतं. दुकानात दूध मागताना तीनदा अडखळायची. पण तेवढं एक वाक्य मात्र स्वच्छ, व्याकरणशुद्ध आलं. पापुद्रा परत सरकवून मी म्हणाले, "आमच्याकडे हे कोंबड्यांना घालतात."

अंपारोबाईंनी तिन्ही चमचे गोळा केले. माझ्या हातातलाही घेतला.

"महिना भरायला आठ दिवस आहेत," त्या शांतपणे म्हणाल्या. "विद्यापीठाला सांग, दुसरी जागा बघायला."

त्या मोटारीत जाऊन बसल्या. विसेंते माती टाकून जाळ विझवत होता. हळूच म्हणाला, "काय केलंस हे, पोरी? ते सोकार्रात. पाएयाचा सगळा जीव त्यात असतो. ते करायचं म्हणजे जाळाशी कान लावून उभं राहावं लागतं. आणि करणारी ज्याला द्यायचं त्यालाच देते. मी तिचा सख्खा भाऊ. पन्नास वर्षं मागतोय. काय मिळतं माहितीये? 'तू गप्प बस.'"

फोन

सोमवारी कोपऱ्यावरच्या फोनच्या खोक्यातून घरी फोन लावला. नशिबानं आप्पा बाहेर होते. आईचा आवाज कानावर आला आणि माझं पुण्याचं मराठी गळून पडलं.

"आई, मला घराभाईर काढत्यात."

"का? काय केलंस?"

सगळं सांगितलं. अंघोळीपासून. आईनं मध्ये एकदाही तोडलं नाही. मी खरवडीपाशी आले तेव्हा तिनं विचारलं, "मग? खाल्लीस?"

"आई, खरवड! पाव्हण्याला!"

"चांगली व्हती का दिसायला?"

"मी बोलले तिला. म्हणलं आमच्यात कोंबड्यांना घालतात."

पलीकडे नुसती खरखर. मला वाटलं कार्ड संपलं.

"अगं, मी जलमभर खाल्ली की," आई म्हणाली. "मग मी काय कोंबडी व्हय?"

असं म्हणून ती हसली, पण ते हसणं जरा उशिरा आलं. मी डोळ्यांपुढे आमचं स्वयंपाकघर आणलं. आप्पा उठले, मी उठले, मग चुलीपाशी आई बसायची, आमच्याकडे पाठ करून. भांडं मांडीशी घेऊन उलथन्यानं खरडल्याचा आवाज यायचा. अंगणात पडायचे ते भांड्याला राहिलेले चार कण. एकवीस वर्षं त्या घरात जेवले, आणि आईच्या ताटात काय असतं ते मला स्पेनमधल्या फोनच्या खोक्यात कळलं.

"पिशवी उसवलीस का?" तिनं विचारलं.

"न्हाई अजून."

"उसव. भात घाल तिला आपला. खाली लागू दे. आन् खरवड तुज्या हातानं वाढ."

"आप्पांना सांगू नगंस."

"त्यांना काय सांगायचं? भात खाली लागतो हेच त्यांना ठावं न्हाई."

आठ दिवसांतला शेवटचा

मी रविवारपर्यंत थांबले. धीर होत नव्हता, हे खरं कारण. रविवारी सकाळी बाईंना विचारलं, "आज भात मी करू का?" त्यांनी खांदे उडवले आणि खिडकीशी विणायला बसल्या, स्वयंपाकघराकडे तोंड करून.

पिशवी उसवली. तांदूळ तीन पाण्यांनी धुतले. बाईंनी डोळे मिटून घेतले. पाणी बोटाच्या पेरानं मोजलं. उकळी आली आणि आंबेमोहोराचा वास सुटला. बाईंची सुई थांबली. जिन्यात पावलं वाजली आणि कुणी न बोलावता विसेंते दारात उभा. "काय शिजतंय?"

आता फक्त भात लागायचा राहिला होता. आणि लागेना! घरी असताना मी चुलीवर भात ठेवून पुस्तकात डोकं घातलं की बिनचूक लागायचा. इथे गॅस मोठा केला, छोटा केला, मनोभावे प्रार्थना केली. भात आपला मोगऱ्यासारखा फुलून वर आला आणि तळाशी साधा पिवळा डागसुद्धा नाही. ते भांडं न चिकटणारं होतं. असं काही भांडं असतं हे नांद्यात अजून पोचायचं होतं. मी उलथनं घेऊन रडकुंडीला आले.

बाई उठल्या. मला वाटलं गॅस बंद करणार. त्यांनी खालच्या फडताळातून एक जुना, काळा, वीतभर रुंद लोखंडी थाळा काढला, तेलाचा हात फिरवला, माझा भात त्यात ओतून थापला आणि गॅसवर ठेवला.

"का पाहिजे तुला हे?" त्यांनी विचारलं.

माझं स्पॅनिश पुन्हा अडखळायला लागलं होतं. "माझी आई हे खाते," मी म्हणाले. "रोज. मला माहीत नव्हतं."

मग माझी मान धरून त्यांनी माझा कान थाळ्याजवळ नेला. "ऐक. आता गप्प आहे. थांब. बोलायला लागेल."

आणि तो बोलायला लागला. बारीक तडतड, वाळक्या पानावरून मुंग्या चालल्यासारखी.

"अजून. अजून. बंद कर!"

उलथन्यानं खरवड सुटून आली, अख्खी, सोनेरी, पौर्णिमेच्या चंद्राएवढी गोल. मी ती दोन्ही हातांनी अंपारोबाईंच्या ताटात वाढली. वर साजूक तूप नव्हतं, म्हणून त्यांचं ऑलिव्हचं तेल सोडलं. त्यांनी वास घेतला. मग ती मधोमध मोडली आणि अर्धी माझ्यासमोर ठेवली.

"आणि मला?" विसेंते.

"तू गप्प बस," बाई म्हणाल्या. मग तेल पुसता पुसता, माझ्याकडे न बघता, "विद्यापीठाला काही सांगायची गरज नाही. पण अंघोळ टबात."

परत

पुढचे तीन महिने कसे गेले ते विचारू नका. नोव्हेंबरात तिथल्या लोकांनी भाताच्या रानात पाणी सोडलं आणि सगळी जमीन आरसा झाली. डिसेंबरात रस्त्यावरच्या झाडांना संत्री लगडली. ती कडू असतात, हे मी खाऊन बघून सांगते आहे. परीक्षेत पास झाले, पाचांत नाही, पंचवीसांत. निघताना बाईंनी तो वीतभर थाळा माझ्या कपड्यांत गुंडाळून दिला आणि स्टेशनावर आल्या नाहीत. विसेंते म्हणाला, "ती रडताना कुणाला दिसत नसते."

नांद्याला पोचले त्या दिवशी आईनं चुलीवर भात केला. आप्पा जेवून उठले. जाता जाता एवढंच म्हणाले, "बाई चांगली व्हती म्हनायची. पुरतं सत्र ठिवून घेतलं." आई नेहमीसारखी पाठ करून बसली. मी तिच्याजवळ सरकले.

"आई, आज खरवड मला दे."

"न्हाई."

"अगं, इतकी वर्षं तू खाल्लीस. आता मी खाते की."

आईनं भांडं आपल्याकडे ओढून घेतलं. "ती माजी हाय. तुला काय वाटलं, मला भात करता येत न्हाई? रोज चुकून लागतो व्हय? तुमचं समद्यांचं झालं की एवढं एकच माजं असतं. निवांत बसून खायला. म्हणून लागू देती."

अंपारोबाईंच्या घरात मी जिच्यासाठी डोळ्यांत पाणी आणलं होतं, ती गेली वीस-पंचवीस वर्षं सगळ्यांच्या नाकाखाली स्वतःसाठी चैन शिजवत होती.

तिनं खरवड मोडली. मोठा तुकडा स्वतःला ठेवला.

पुढे काही वर्षं नाताळात वालेन्सियाहून कार्ड यायचं. २०१० मध्ये आलं ते विसेंतेच्या अक्षरात होतं. त्यानं लिहिलं होतं की अंपारो शेवटपर्यंत भाताचं शहाणपण सांगत होती, आणि त्याला सोकार्रात अजूनही मिळालं नाही. मी ते कार्ड आईला वाचून दाखवलं. तिनं त्या रात्री भात जरा जास्तच लागू दिला.

आप्पा आता नाहीत. नांद्याच्या आमच्या खाचरावर सात मजले उभे आहेत, आणि आम्ही महाळुंग्याला दुसऱ्या कुणाच्या तरी खाचरावर चौथ्या मजल्यावर राहतो. आई आमच्याकडेच असते. कमी ऐकते. टीव्हीचा आवाज एवढा मोठा लावते की शेजारच्यांना वेगळी मालिका बघायची गरज नाही. दारावरची बेल तिला ऐकू येत नाही, माझ्या हाका तर मुळीच नाही. पण रविवारी मी तो काळा थाळा गॅसवर ठेवते, आणि टीव्हीच्या त्या गोंगाटातून तिचा आवाज येतो, "सुरेखे, बोलाया लागलाय! बंद कर!"

परवा खरवडीचे दोन भाग होताना थोरली ताट घेऊन आमच्यात येऊन बसली.

"आणि मला?" ती म्हणाली.

आई आणि मी एकदमच बोललो, "तू गप बस."